इमात्राचा जलौघ

युरोपच्या उत्तरेस असलेल्या फिनलंडची ओळख 'हजार सरोवरांचा देश' अशी करून देण्याचा प्रघात आहे. हा आंकडा केवळ विनयाचा म्हटला पाहिजे; कारण तेथील सरकारी मोजणींत लहानमोठ्या सरोवरांची संख्या सुमारें १,८८,००० भरली. एवढें पाणी ज्या देशांत सांठून राहिलें आहे, त्या देशांत तेंच पाणी वेगानें धावतांना पाहण्याचें अप्रूप अधिक असावें, हें स्वाभाविकच होय. देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, रशियाच्या सरहद्दीला लागून, इमात्रा नांवाचें एक शहर आहे. त्याची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. ह्या ठिकाणीं अडीचशें वर्षें लोक एकच गोष्ट पाहावयास येत आले आहेत. आणि गेलीं सुमारें शंभर वर्षें ती गोष्ट दिवसाचे बहुतेक तास तेथें नसते. प्रवासी पुलावर उभा राहून खालीं पाहतो, तों त्याला दिसतो तो खडकांत खोल कापलेला एक कोरडा घळ. जें पाहावयास तो आलेला असतो तें पाणी त्या वेळीं पलीकडच्या कालव्यांतून विजेच्या केंद्राकडे निघून गेलेलें असतें.

ही स्थिति कशी आली हें समजण्यास हिमयुगाच्या अखेरीपासून सुरुवात करावी लागते. उत्तर युरोपवर पसरलेल्या प्रचंड हिमस्तराचें ओझें उतरल्यावर त्याखालीं दबलेली जमीन हळूहळू वर येऊं लागली. वायव्येकडे ती अधिक वेगानें उचलली गेली, आग्नेयेकडे कमी. त्यामुळें पाण्यानें भरलेली परात एका बाजूनें उचलावी त्याप्रमाणें सायमा ह्या विस्तीर्ण सरोवराचें पाणी आग्नेयेच्या कांठाकडे कलूं लागलें. त्या कांठावर हिमनद्यांनीं आणून टाकलेल्या वाळूचा व गोट्यांचा एक लांबच लांब बांध उभा होता. फिनिश लोक त्याला साल्पाउसेल्का म्हणतात. सुमारें सहा हजार वर्षांपूर्वीं त्या बांधाला एके ठिकाणीं भगदाड पडलें आणि कोंडलेलें पाणी लादोगा सरोवराच्या दिशेनें धावत सुटलें. वुओक्सी नदीचा जन्म तो हाच. जेथें तिनें बांध फोडला त्या जागेचें नांव वुओक्सेन्निस्का असें आहे, आणि 'निस्का' ह्या शब्दाचा अर्थ मान असा आहे. सुमारें ४,४०० चौरस किलोमीटर विस्ताराच्या सायमाला बाहेर पडावयास निसर्गानें दिलेली वाट ही एवढीच. दर सेकंदास सरासरी सुमारें ६०० घनमीटर पाणी ह्या वाटेनें जातें. हिमयुगानंतरच्या ह्याच उलथापालथींत समुद्रापासून तुटलेल्या सील ह्या प्राण्याची एक जात सायमांत अडकून पडली. गोड्या पाण्याशीं जुळवून घेऊन ती अद्यापि तेथें राहत आहे. मात्र तिची संख्या कांहीं शेंकड्यांवरच आहे.

सायमा सोडल्यावर नदी थोडें अंतर जाते न जाते तोंच कठीण खडकांच्या एका अरुंद खिंडींत शिरते. त्या खिंडींतील उतारालाच इमात्राचा जलौघ म्हणतात. धबधबा हा शब्द येथें नीटसा लागूं पडत नाहीं. गिरसप्प्याप्रमाणें कड्यावरून अधांतरीं पडणारें हें पाणी नव्हे. तें उतरणीवरून फेंसाळत, खडकांवर आपटत, स्वतःवरच उलटत धावत असे. फिनिश भाषेंत अशा प्रवाहाला 'कोस्की' असा स्वतंत्र शब्द आहे, व त्या देशांतील कित्येक गांवांच्या नांवांच्या शेवटीं तो आढळतो. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडधोंड्यांनीं येथील कातळांत गोल, गुळगुळीत खळगे कोरले आहेत. कुकडी नदीच्या पात्रांत निघोजजवळ असेच खळगे आहेत. त्यांस आपण रांजणखळगे म्हणतों. फिनिश शेतकऱ्याला मात्र ते पाहून रांजण आठवला नाहीं. त्याला लोणी काढण्याचा डेरा आठवला, आणि त्यानें त्यांस 'हीसी नांवाच्या राक्षसाचे डेरे' असें नांव दिलें. दोन दूरच्या देशांतील खेडुतांनीं एकाच खळग्यास आपापल्या घरांतील भांड्याचें नांव द्यावें, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

इमात्राच्या कीर्तीचा आरंभ एका सम्राज्ञीपासून होतो. अठराव्या शतकांत १७२१ व १७४३ ह्या दोन तहांनीं स्वीडनच्या ताब्यांतील फिनलंडचा पूर्व भाग रशियाकडे गेला होता. १७७२ सालीं रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथेरिन आपल्या लवाजम्यासह हा जलौघ पाहावयास आली. राजधानी पीटर्सबर्ग येथून फार दूर नव्हती. आणि जें सम्राज्ञीनें पाहिलें तें पाहणें हें दरबारी मंडळींचें जवळजवळ कर्तव्यच ठरलें. पुढें १८०९ सालीं उरलेलें फिनलंडहि झारच्या अमलाखालीं आलें, परंतु एक स्वायत्त महासंस्थान म्हणून; आणि १८१२ पासून पूर्वीं जिंकलेला हा भागहि त्या संस्थानास जोडण्यांत आला. अशा रीतीनें इमात्रा कायद्यानें फिनलंडचें, पण सहलीच्या दृष्टीनें पीटर्सबर्गचें, असा दुहेरी प्रकार सुरू झाला.

त्यानंतर १८४२ हें वर्ष येतें. त्या वर्षीं झार पहिला निकोलस ह्यानें हुकूम काढला कीं, जलौघ व त्याच्या भोंवतालचा परिसर ह्यांच्या नैसर्गिक स्थितींत कोणींहि फेरफार करूं नये. नदीकांठची ती जमीन राजसत्तेकडे राखून ठेवण्यांत आली. आजचें 'क्रूनुन्पुइस्तो' म्हणजे राजोद्यान तें हेंच. फिनलंडमधील निसर्गसंरक्षणाचा इतिहास ह्या हुकुमापासून सुरू झाला असें मानतात. अमेरिकेंतील यलोस्टोन हें सुप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें तें १८७२ सालीं, म्हणजे ह्यानंतर तीस वर्षांनीं! पोलंडचा उठाव निर्दयपणें चिरडणाऱ्या, मुद्रणस्वातंत्र्याचा गळा आवळणाऱ्या ह्या राजाला एका नदीचें स्वातंत्र्य अबाधित ठेवावेंसें वाटलें, ह्याचें नवल वाटतें. पण त्यांत विसंगति मानण्याचें कारण नाहीं. ज्याला साऱ्या प्रदेशावर आपली मालकी आहे असें वाटतें, तो त्यांतील एखादा देखावा स्वतःसाठीं व स्वतःसारख्यांसाठीं जसाच्या तसा ठेवूं शकतो. कांठावरील शेतकऱ्याला ह्या पाण्याचें काय करावेंसें वाटतें, हें त्याला कोणीं विचारलें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इमात्राचा बोलबाला वाढतच गेला. १८७० सालीं पीटर्सबर्ग फिनलंडच्या लोहमार्गाशीं जोडलें गेलें व १८९२ सालीं व्हीबोर्गमार्गें आगगाडी थेट इमात्रापर्यंत येऊं लागली. आतां पीटर्सबर्गच्या कारकुनालाहि सुटीच्या दिवशीं तेथें जाऊन येतां येऊं लागलें. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो १८७६ सालीं तेथें येऊन गेला, आणि त्याच्या भेटीची नोंद कातळावर कोरलेली आहे. कातळावर नांवें कोरण्याचा हा शौक सम्राटांपुरताच राहिला नाहीं. कोरड्या पात्रांत व कांठच्या शिळांवर सामान्य प्रवाशांचीं नांवें व सालें अजूनहि वाचतां येतात. निसर्गांत फेरफार करूं नये हा झारचा हुकूम टांकी घेऊन आलेल्या ह्या हौशी मंडळींनीं फारसा मनावर घेतलेला दिसत नाहीं.

लांकडी हॉटेलांना आगी लागत म्हणून पुढें दगडी हॉटेल बांधण्याचें ठरलें. उस्को न्यूस्ट्रम ह्या स्थापत्यविशारदानें आंखलेली ही इमारत १९०३ सालीं पुरी झाली. मनोरे, टोंकदार छपरें, जाड भिंती अशा थाटाची ती वास्तु परीकथेंतील एखाद्या गढीसारखी जलौघाच्या कांठावर उभी आहे. तिचा काळ मात्र ध्यानांत घेतला पाहिजे. १८९९ च्या फेब्रुवारींतील जाहीरनाम्यानें झार दुसरा निकोलस ह्यानें फिनलंडची स्वायत्तता आंखडती घेण्यास आरंभ केला होता आणि सारा देश अस्वस्थ झाला होता. चित्रकार, संगीतकार, वास्तुकार हे सर्वच आपल्या देशाचें निराळेपण दाखविण्यासाठीं अरण्यें, सरोवरें व जुन्या वीरगाथा ह्यांकडे वळले होते. आक्सेली गालेन-काल्लेला ह्यानें १८९३ सालीं हिवाळ्यांतील इमात्रा रंगविला; बर्फानें वांकलेलीं झाडें आणि त्यांमधून न गोठतां धावणारें पाणी असें तें चित्र आहे. दडपशाहीच्या त्या दिवसांत फिनिश प्रेक्षकाला त्यांत नदीपेक्षां अधिक कांहीं दिसलें असल्यास नवल नाहीं. पण हॉटेलाचें उत्पन्न ज्यांच्यावर चाले ते पाहुणे मात्र बहुतांशीं पीटर्सबर्गहून येत.

जलौघाच्या लौकिकाची एक काळी बाजूहि होती. दूरदूरचीं दुःखी माणसें येथें येऊन आपल्या आयुष्याचा शेवट करीत; विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या घटना इतक्या वाढल्या कीं, इमात्राच्या नांवाबरोबर लोकांच्या मनांत तीहि भीति उभी राही. त्या पाण्यांत बुडालेल्यांच्या स्मरणार्थ १९७२ सालीं तारू मॅन्त्युनेन ह्या शिल्पकारिणीनें घडविलेली 'इमात्राची कुमारी' ही मूर्ति पुलाजवळ बसविण्यांत आली.

ह्याच सुमारास दुसऱ्या एका वर्गाची नजर ह्या पाण्याकडे वळली. पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करून ती तारांनीं दूर नेतां येते हें सिद्ध झाल्यावर, ज्याला कवि जलौघ म्हणत त्याला अभियंते अश्वशक्ति म्हणूं लागले. वुओक्सीची वीज पीटर्सबर्गच्या दिव्यांना व कारखान्यांना पुरवावी अशा योजना महायुद्धापूर्वींच निघाल्या होत्या. त्या तडीस गेल्या नाहींत. रशियन साम्राज्य कोसळलें, ६ डिसेंबर १९१७ रोजीं फिनलंड स्वतंत्र झालें, आणि पुढील वर्षाच्या पूर्वार्धांत एका रक्तलांछित यादवीतून तें बाहेर पडलें. ह्या नव्या प्रजासत्ताकाजवळ अरण्यें होतीं, पाणी होतें, कष्टाळू लोक होते. पण दगडी कोळसा नव्हता. कोळसा परदेशांतून आणावा लागे, आणि युद्धकाळांत समुद्रमार्ग बंद झाल्यावर परावलंबन म्हणजे काय ह्याचा अनुभव देशानें पुरेपूर घेतला होता.

अशा वेळीं जें व्हावयाचें तेंच झालें. १९२१ सालीं लोकसभेनें इमात्राच्या पाण्यावर सरकारी विद्युत्केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला. १९२२ सालीं कामास सुरुवात झाली. १९२९ सालीं वीज वाहूं लागली. नदीवर बांध घालून तिचा ओघ बाजूच्या नव्या कालव्यांत वळविण्यांत आला व सुमारें २४ मीटरांचा उतार चक्रांवर एकवटण्यांत आला. तेथून हेलसिंकीमार्गें पश्चिम किनाऱ्यावरील तुर्कूपर्यंत उच्च दाबाची तारांची ओळ नेण्यांत आली. तिच्या उंच पोलादी मनोऱ्यांवरून लोकांनीं तिला 'लोखंडी बाई' असें कौतुकाचें नांव ठेवलें. हें केंद्र चालविणारी 'इमात्रान् वोइमा', म्हणजे 'इमात्राची शक्ति', ही सरकारी कंपनी १९३२ सालीं स्थापन झाली व पुढें अनेक दशकें तेंच नांव फिनलंडमधील विजेचें दुसरें नांव होऊन बसलें. देशांतील सर्वांत मोठें जलविद्युत्केंद्र अद्यापिहि इमात्राचेंच आहे.

म्हणजे घडलें तें असें: परक्या सम्राटानें ज्या प्रवाहाला हात लावूं दिला नाहीं, तो स्वतंत्र झालेल्या लोकांनीं आपल्या हातानें बंद केला. राजोद्यान राहिलें, त्यांतील झाडें राहिलीं, हॉटेल राहिलें. ज्याच्यासाठीं हें सारें राखलें होतें तें पाणी तेवढें गेलें. ह्यावरून अभियंत्यांना रुक्ष व अरसिक ठरविणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. दूरच्या खेड्यांतील एखाद्या घरांत हिवाळ्याच्या लांब रात्रीं पहिला विजेचा दिवा लागला, तेव्हां त्या घरांतील बाईला इमात्राच्या देखाव्याची हळहळ वाटली असेल असें मानवत नाहीं. तिनें तो देखावा कधीं पाहिलाच नव्हता. आगगाडीचें भाडें देऊन जलौघ पाहावयास जाणारे थोडे होते. दिव्याची गरज सर्वांना होती. पण म्हणून नुकसान झालें नाहीं असें म्हणणें हेंहि तितकेंच खोटें. ज्या देखाव्याकडे बोट दाखवून फिनिश कलावंतांनीं 'हा आमचा देश' असें जगाला सांगितलें होतें, तोच देखावा स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकांत खर्ची पडला. राष्ट्राला उभें राहण्यासाठीं कांहीं तरी विकावें लागतें, आणि फिनलंडजवळ विकण्यासारख्या वस्तु फार नव्हत्या.

ह्या विजेचें मोल किती होतें तें युद्धानें दाखवून दिलें. १९३९-४० च्या हिवाळी युद्धानंतर झालेल्या मॉस्कोच्या तहानें व्हीबोर्ग शहर व वुओक्सीच्या खालच्या अंगाचा सारा मुलूख, एन्सो येथील मोठ्या कागद गिरणीसह, सोव्हिएट रशियाकडे गेला. १९४१ सालीं फिनलंडनें तो जर्मनीच्या बाजूनें लढून परत मिळविला व १९४४ सालीं तो पुनः गमावला. ह्या दुसऱ्या युद्धांतील एक प्रसंग नभोवाणीच्या इतिहासांतहि नोंदला गेला आहे. ४ जून १९४२ रोजीं सेनापति मानरहाईम ह्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचें निमित्त करून हिटलर विमानानें इमात्राजवळच्या इम्मोला येथें उतरला. आगगाडीच्या डब्यांत चाललेल्या त्यांच्या बोलण्यापैकीं सुमारें अकरा मिनिटें फिनिश नभोवाणीच्या एका अभियंत्यानें गुपचूप ध्वनिमुद्रित केलीं. व्यासपीठावरून गर्जणारा तो माणूस खासगींत कोणत्या आवाजांत बोलत असे हें जगाला कळलें तें बव्हंशीं ह्या मुद्रणामुळेंच.

तहानंतर सरहद्द इमात्राच्या अगदीं उंबरठ्याशीं आली. एन्सोचें नांव बदलून स्वेतोगोर्स्क झालें. नदी मात्र तीच राहिली. तिचें डोकें एका राज्यांत व धड दुसऱ्या राज्यांत. मग तिच्या उताराचाहि हिशेब करणें भाग पडलें. खालीं स्वेतोगोर्स्क येथील केंद्रासाठीं पाण्याची पातळी चढविली कीं वर इमात्राचा उतार तेवढा कमी होतो व वीज घटते. ह्याबद्दल १९७२ सालीं दोन्ही सरकारांनीं करार केला आणि इमात्राच्या नुकसानीची भरपाई म्हणून सोव्हिएट बाजूनें दरवर्षीं १९,९०० मेगावॉट-तास, म्हणजे घरगुती हिशेबानें सुमारें दोन कोटी युनिट, वीज द्यावी असें ठरलें. सायमांतून किती पाणी केव्हां सोडावें ह्यासंबंधींचा आणखी एक करार १९८९ सालीं झाला. शीतयुद्धाच्या ऐन भरांत एका लहान देशानें व एका महासत्तेनें शेजारधर्मानें बसून केलेला हा जमाखर्च आंतरराष्ट्रीय नद्यांच्या अभ्यासकांना अजूनहि उदाहरणादाखल उपयोगी पडतो.

इमात्रा हें स्वतंत्र गांव म्हणून अस्तित्वांत आलें तेंहि ह्या सरहद्दीमुळेंच. यॅस्की, रुओकोलाह्ती व योउत्सेनो ह्या जुन्या परगण्यांचे तुकडे जोडून १९४८ सालीं त्याची स्थापना झाली. शहराचा दर्जा १९७१ सालीं मिळाला. कारखान्यांभोंवतीं वाढलेल्या विखुरलेल्या वस्त्यांचें हें शहर कसें असावें ह्याचा आराखडा जगद्विख्यात वास्तुशिल्पी अल्व्हार आल्टो ह्यानें केला. त्यानेंच वुओक्सेन्निस्का येथें उभारलेलें 'तीन क्रुसांचें' प्रार्थनामंदिर १९५८ सालीं पुरें झालें. सरकत्या भिंतींनीं त्याचे तीन भाग करतां येतात; एका भागांत उपासना चालूं असतां दुसऱ्यांत मुलांचे खेळ चालूं शकतात. केवळ हें मंदिर पाहण्यासाठींहि पुष्कळ लोक इमात्राला जातात.

सोव्हिएट राज्य १९९१ सालीं लयास गेल्यावर पीटर्सबर्गची मंडळी पुनः इमात्राला येऊं लागली, आणि दुकानांवर रशियन पाट्या दिसूं लागल्या. हा ओघहि टिकला नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें फिनलंडनें इमात्राचा नाका इतर नाक्यांबरोबर बंद केला. पूर्वेकडून येणाऱ्या पाहुण्यांवर पोट असलेल्या शहराला त्याचा धक्का बसल्यावांचून राहिला नाहीं.

उन्हाळ्यांत ठराविक वेळीं बांधाचे दरवाजे उघडून जुन्या पात्रांत पाणी सोडण्याची प्रथा मात्र चालूं आहे. पुलावर व दोन्ही कांठांवर माणसें अगोदरपासून जागा धरून उभीं राहतात. ध्वनिवर्धकांतून संगीत सुरू होतें, दरवाजे वर उचलले जातात, आणि प्रथम एक पातळसा पाट खडकांमधून वाट काढीत येतो. मग कांहीं क्षणांतच सारा घळ पांढऱ्या फेंसानें भरून जातो, संगीत त्या गर्जनेंत बुडून जातें आणि तुषार पुलापर्यंत उडतात. कॅथेरिननें पाहिला तो हाच ओघ. तो पाऊण तासहि टिकत नाहीं. दरवाजे खालीं येतात, पाणी ओसरतें, आणि खडकांतील राक्षसाच्या डेऱ्यांतून तेवढें तें सांचून राहतें. मुलें खालीं वांकून त्यांत डोकावून पाहतात.